वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरच्या हजारो फाइली एकदम डिलीट करायच्यात? आधी यादी काढा

मागच्या अंकात क्लाउड स्टोरेजचं बिल कसं वाचायचं ते लिहिलं होतं. त्यानंतर जे मेल आले त्यातले बरेचसे एकाच विषयावर आहेत, की बिल कळलं, नको असलेलं किती साठलंय तेही दिसलं, पण आता ते काढायचं कसं, एकेक फाइल सिलेक्ट करून तर जन्म जाईल. म्हणून यावेळी सगळा कॉलम डिलीटवरच.

प्रश्न : नमस्कार ताई, माझा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. २०१७ पासूनचे लग्नांचे, मुंजींचे, बारशांचे सगळे फोटो अ‍ॅमेझॉनच्या एस थ्री या क्लाउड स्टोरेजवर, मुंबई रीजनमध्ये (म्हणजे मुंबईतल्या सर्व्हरवर) ठेवलेत. जुन्या पार्ट्यांचे अल्बम देऊन वर्षं झाली, त्यांचे रॉ (कॅमेऱ्यातून आलेले मूळ, मोठे) फोटो आता काढायचे आहेत. भाच्याने पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहून दिली. रन केली की ‘झालं’ असा मेसेज येतो पण बघायला गेलं तर बरोबर १००० फोटो कमी झालेले असतात, बाकीचे आहेत तिथेच. परत रन केली की परत १००० जातात. दीड लाखाच्या वर फोटो आहेत ताई, अशी किती वेळा बसून रन करायची? एरर पण काही येत नाही.

उत्तर : दादा, भाच्याची स्क्रिप्ट चुकलेली नाहीये, अर्धी राहिलीय. एस थ्रीला तुम्ही ‘या फोल्डरमध्ये काय काय आहे सांग’ म्हटलंत की तो एका वेळी जास्तीत जास्त १००० नावं देतो आणि सोबत सांगतो की अजून बाकी आहेत, पुढची हवी असतील तर हे टोकन घेऊन परत ये. तुमची स्क्रिप्ट पहिला गठ्ठा घेते, तो डिलीट करते आणि टोकनकडे न बघताच घरी जाते. पायथॉनमधून एस थ्री चालवायच्या बोटो थ्री लायब्ररीत यासाठी पेजिनेटर नावाची सोय आहे, ती टोकन आपलं आपण सांभाळते आणि शेवटच्या फाइलपर्यंत जाते, भाच्याला एवढा एकच शब्द सांगा, त्याला कळेल. डिलीटच्या बाजूलाही तसंच आहे, एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० नावं पाठवता येतात, म्हणजे यादीचा एक गठ्ठा तो डिलीटचा एक गठ्ठा, दीड लाख फोटो म्हणजे १५० रिक्वेस्ट. हे काम चहा होईपर्यंत उरकतं. डिलीटच्या रिक्वेस्टला अ‍ॅमेझॉन पैसे लावत नाही, यादी मागायला लावतं पण ते अगदी किरकोळ.

आता एरर येत नाही म्हणालात त्याबद्दल, कारण इथे भलेभले फसतात. गठ्ठ्याने डिलीट केलं की एस थ्री उत्तरात २०० देतो, म्हणजे ‘रिक्वेस्ट मिळाली, प्रोसेस केली’. पण त्या हजारातल्या ४० फाइलींना परमिशन नसेल आणि त्या डिलीट झाल्याच नसतील तरीसुद्धा उत्तर २००च येतं, पायथॉन काही ओरडत नाही, स्क्रिप्ट खुशाल ‘झालं’ छापते. त्या ४० फाइलींची नावं उत्तराच्या आत ‘एरर्स’ नावाच्या यादीत ठेवलेली असतात. ती यादी उघडून बघायची, रिकामी नसेल तर थांबायचं आणि ती नावं एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. भाच्याच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ नसणार, मी जवळजवळ खात्रीने सांगते, मला दाखवायला येणाऱ्या दहातल्या नऊ स्क्रिप्टमध्ये ती नसते. उलटीही एक गंमत लक्षात असू द्या, मुळात अस्तित्वातच नसलेल्या फाइलचं नाव पाठवलं तरी एस थ्री ‘डिलीट झाली’ म्हणूनच सांगतो, त्यामुळे नावात काना-मात्रा चुकला तर तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पण दादा, हे सगळं दुय्यम आहे. डिलीट करणं दोन ओळींचं काम आहे, काय डिलीट करायचं ते ठरवणं हे खरं काम. आणि तिथे एक असं भोक आहे की ज्यात मी स्वतः पडलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एस थ्रीमध्ये फोल्डर नसतं. स्क्रीनवर दिसतं तसं, पण आत सगळ्या फाइली एकाच लांबलचक यादीत असतात आणि ‘लग्न/२०१९/फोटो-१’ हे सगळं मिळून त्या फाइलचं एकच नाव असतं, मधली तिरकी रेघ हे नुसतं एक अक्षर. तुम्ही ‘फोल्डर’ म्हणून जे देता ते खरं तर प्रीफिक्स, म्हणजे ‘ज्यांचं नाव या अक्षरांनी सुरू होतं त्या सगळ्या’. मी पूर्वी एका कंपनीत होते, तिथे प्रत्येक क्लायंटला नंबर होता आणि त्याच्या फाइली ‘क्लायंट-१’, ‘क्लायंट-२’ अशा नावाखाली होत्या. पहिल्या क्लायंटचं काम संपलं, त्याचा डेटा काढायचा होता. मी स्क्रिप्टमध्ये प्रीफिक्स दिला ‘क्लायंट-१’ आणि शेवटची तिरकी रेघ द्यायची राहिली. त्या अक्षरांनी ‘क्लायंट-१’ सुरू होतो तसाच ‘क्लायंट-१०’ पण सुरू होतो, ११ पण, १९ पर्यंत सगळे, आणि १०० च्या पुढचे पण. स्क्रीनवर नावं सरकत होती आणि मी शेजारच्या टेबलावर बोलत उभी होते. वळून बघितलं तेव्हा ‘क्लायंट-१४’ चालू होता. स्क्रिप्ट थांबवायला कंट्रोल सी दाबलं, पोटात खड्डा पडला होता. त्या बकेटवर (एस थ्रीमध्ये फाइली ठेवायचा मोठा डबा) व्हर्जनिंग, म्हणजे फाइलींच्या जुन्या प्रती ठेवायची सोय, चालू होतं म्हणून संध्याकाळपर्यंत सगळं परत आणता आलं, नसतं तर आलं नसतं.

तुमच्याकडे ‘२०१९’ आणि ‘२०१९-रीएडिट’ अशी दोन नावं असणारच, स्टुडिओवाल्यांकडे असतातच. रेघ विसरलात तर रीएडिटवालेपण जातील. प्रीफिक्सच्या शेवटी रेघ आहे का हे स्क्रिप्टलाच तपासायला लावा, नसेल तर तिने पुढे जायलाच नको.

भाच्याने पायथॉन सोडून सरळ एडब्ल्यूएसच्या कमांड लाइनवरून काढायचं ठरवलं तर तिथे दुसरा खड्डा आहे. आरएम या डिलीटच्या कमांडला रिकर्सिव्ह (म्हणजे आतलं सगळं) लावायचं आणि ‘इन्क्लूड’ मध्ये फक्त रॉ फाइलींचं एक्स्टेन्शन द्यायचं असं कोणालाही वाटेल. तसं केलंत तर सगळंच जाईल, जेपेग, अल्बमचे पीडीएफ, सगळं. कारण ती कमांड सुरुवातीलाच सगळ्या फाइली धरून चालते आणि ‘इन्क्लूड’ म्हणजे ‘हेपण धर’ एवढंच, ‘फक्त हेच धर’ असं नाही. आधी ‘एक्स्क्लूड’ला चांदणी देऊन सगळं बाहेर काढायचं आणि मग ‘इन्क्लूड’ने हवं तेवढं आत घ्यायचं, आणि क्रमही हाच, कारण नंतर लिहिलेलं आधीच्यावर मात करतं. उलटा क्रम दिलात तर काहीच डिलीट होणार नाही, निदान नुकसान तरी नाही.

म्हणून माझी पद्धत सांगते. पहिली स्क्रिप्ट फक्त यादी काढते. फाइलचं पूर्ण नाव, साइझ, शेवटची तारीख, आणि ते सगळं एका सीएसव्हीत. ती एक्सेलमध्ये उघडायची, साइझने लावून बघायची, तारखेने लावून बघायची, मधून मधून वीसपंचवीस नावं डोळ्यांनी वाचायची, तुम्हाला तुमची गिऱ्हाइकं माहीत आहेत, भाच्याला नाहीत, एखादी पार्टी अजून अल्बम न्यायचीय हे तुम्हालाच दिसणार. नको त्या ओळी काढून टाकायच्या. मग दुसरी, वेगळी स्क्रिप्ट, जी फक्त त्या सीएसव्हीतली नावं घेते आणि तेवढीच डिलीट करते, स्वतःचं डोकं चालवत नाही. कमांड लाइन वापरत असाल तर ‘ड्रायरन’ ऑप्शन लावून आधी चालवा, काय गेलं असतं ते छापतं, काही डिलीट करत नाही. ते छापलेलं वाचा मात्र, लोक ड्रायरन चालवतात आणि ‘एरर आली नाही’ एवढं बघून पुढे जातात.

अजून एक, दुसऱ्या स्क्रिप्टला मर्यादा घाला. दीड लाख अपेक्षित आहेत ना, मग यादी एक लाख साठ हजारच्या वर गेली तर तिने थांबावं. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये एस थ्री काही तास बंद पडलं होतं आणि निम्मं इंटरनेट लंगडत होतं ते कदाचित आठवत असेल. अ‍ॅमेझॉनने नंतर स्वतःच लिहिलं की बिलिंगच्या सिस्टिमसाठी लागणारे थोडेसे सर्व्हर काढायचे होते, कमांड नेहमीचीच, चालवणारा माणूस अधिकाराचा, पण एक इनपुट चुकलं आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. त्यावर त्यांनी जे केलं ते महत्त्वाचं, त्या टूललाच बदललं, ते आता सावकाश काढतं आणि किमान गरजेच्या खाली जायला लागलं की अडवतं. माणसाला ‘नीट टाइप कर’ सांगून भागत नाही, टूलने अडवलं पाहिजे. ते एवढे मोठे असून त्यांना ते करावं लागलं, आपण तर सांगलीत एका लॅपटॉपवर बसलोय.

आणि भाच्याला तुमच्या मेन अकाउंटची की (स्क्रिप्टला आत जाऊ देणारा पासवर्ड) देऊ नका. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, स्क्रिप्ट चुकली तर तिचा हात कुठवर पोचेल ते आपल्या हातात राहावं म्हणून. आयएएममध्ये, म्हणजे परवानग्यांच्या विभागात, वेगळा युजर करा, त्याला त्या एकाच बकेटची आणि ‘लग्न/२०१९/’ एवढ्याच भागाची डिलीटची परवानगी द्या, काम झालं की युजर काढून टाका. माझ्या ‘क्लायंट-१’च्या दिवशी एवढं जरी असतं तर ‘क्लायंट-१४’ पर्यंत गोष्ट गेलीच नसती.

प्रश्न : ताई नमस्कार, मी लातूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. शाळेचे सगळे गुगल फॉर्म माझ्याच अकाउंटवरून जातात आणि मुलांचे पालक त्यात गृहपाठाचे फोटो, व्हिडिओ अपलोड करतात. १५ जीबी भरलं, आता मेलपण येत नाहीत. तीन वर्षांच्या फाइली आहेत. अ‍ॅप्स स्क्रिप्टने (गुगलची स्वतःची कोड चालवायची सोय) होतं असं ऐकलं, एक कोड मिळालापण, तो काही मिनिटं चालतो आणि मधेच बंद पडतो. आणि जेवढ्या गेल्या तेवढी जागापण मोकळी झाली नाही. मला कोडिंग येत नाही, पण सांगितलं तसं करू शकते.

उत्तर : बाई, तुम्ही स्वतः हे करायला बसलात हेच मला खूप आवडलं. आधी जागेचं. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये सेट ट्रॅश्ड म्हणून जी कमांड आहे ती फाइल डिलीट करत नाही, ट्रॅशमध्ये टाकते. ट्रॅशमधल्या फाइली तुमच्या १५ जीबीत मोजल्या जातातच, ३० दिवसांनी गुगल आपोआप काढतं तोपर्यंत. म्हणजे तुमचं काम झालेलं आहे, फक्त कचरा घराबाहेर ठेवलाय, गाडी यायचीय. ट्रॅश उघडून ‘एम्प्टी ट्रॅश’ केलंत की जागा मोकळी होईल, थोडा वेळ घेतं ते दिसायला. पण लगेच करू नका! ट्रॅशमध्ये आहे तोवर चूक सुधारता येते. काही जण ड्राइव्हचं एपीआय (कोडने ड्राइव्ह चालवायचा रस्ता) वापरून थेट डिलीट करणारा कोड देतात, तो ट्रॅशला वळसा घालून कायमचं उडवतो, तसा कोड मिळाला तर वापरू नका, तुमच्याकडे मुलांचं काम आहे.

मधेच बंद पडतं त्याचं कारण सरळ आहे, अ‍ॅप्स स्क्रिप्टला एका वेळी ६ मिनिटंच चालायची परवानगी असते, मग गुगल तिला थांबवतं. त्यात वाईट काही नाही. जेवढ्या फाइली झाल्या त्या झाल्या, परत रन केलं की उरलेल्या. कोड नीट लिहिलेला असेल तर त्याला वेळेचा ट्रिगर लावता येतो, दर दहा मिनिटांनी आपला आपण उठतो, पाच मिनिटं काम करतो, थांबतो. रात्री लावून झोपलात तर सकाळपर्यंत बरंच उरकलेलं असेल, साध्या अकाउंटला ट्रिगरचे दिवसाला ९० मिनिटं मिळतात, तुमच्या कामाला दोनतीन दिवस धरा.

पण तुम्हाला कोडची गरज आहे का तेच आधी बघूया. ड्राइव्ह कॉम्प्युटरवर उघडा, डाव्या बाजूला ‘स्टोरेज’ आहे त्यावर क्लिक करा, सगळ्या फाइली मोठ्यापासून लहानाकडे अशा लागतात. गृहपाठाच्या व्हिडिओंनीच जागा खाल्ली असणार, फोटो त्यामानाने काहीच नसतात. वरचे शंभर-दीडशे व्हिडिओ हाताने काढलेत तरी तुमचं मेल चालू होईल. आज तेवढं करा, मेल यायला लागले की बाकीचं शांतपणे.

बाकीच्यासाठी मी सांगते तसं करा. कोड लिहून देणारं कोणी असेल, शाळेतलं, घरातलं, तर त्यांना सांगा की मला डिलीट करणारा कोड नको, मला एक शीट भरून देणारा कोड हवा. त्यात फाइलचं नाव, आयडी, साइझ, तारीख आणि शेवटी एक रिकामा कॉलम. तो कॉलम तुम्ही भरायचा. जी फाइल जायचीय तिच्यापुढे ‘हो’ लिहायचं. तीन वर्षांपूर्वीची पोरं आता पुढच्या शाळेत गेली, त्यांचं सगळं ‘हो’, वर ‘हो’ लिहून खाली ओढलं की झालं. पण मधेच कोणीतरी केलेला गावच्या बारवेचा व्हिडिओ असेल, स्नेहसंमेलनातलं नाटुकलं असेल, ते तुम्हालाच कळणार. मग दुसरा कोड फक्त ‘हो’वाल्या आयडी घेऊन ट्रॅशमध्ये टाकतो आणि झालेल्यापुढे ‘झालं’ लिहितो, म्हणजे ६ मिनिटांनी बंद पडला तरी पुढच्या वेळी तिथून पुढे. शोधत शोधत डिलीट करणारा कोड घेऊ नका, यादी चालू असताना त्यातूनच वस्तू काढत गेलं की मधल्या काही सुटू शकतात.

कोड लिहिणाऱ्यासाठी एक निरोप, त्याचे दोन तास वाचतील: ड्राइव्ह अ‍ॅपच्या सर्च फाइल्समध्ये जुन्या व्हर्जनची भाषा चालते, तिथे नावाला ‘टायटल’ आणि तारखेला ‘मॉडिफाइड डेट’ म्हणावं लागतं, नवीन एपीआयमधले ‘नेम’ आणि ‘मॉडिफाइड टाइम’ लिहिले तर एरर येते.

आणि दुसऱ्या शिक्षकांनी तुम्हाला शेअर केलेल्या फाइलींच्या मागे लागू नका, त्या त्यांच्या जागेत मोजल्या जातात, तुमच्या नाही.

प्रश्न : पुण्याहून, एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एस थ्रीवरून जवळपास ४ टीबी लॉग आणि जुने बॅकअप स्क्रिप्टने डिलीट केले, एरर्सची यादीपण तपासली, रिकामी होती. बकेट उघडली तर रिकामी दिसते. महिना झाला, बिल तेवढंच. सपोर्टला लिहायचं का?

उत्तर : लिहू नका अजून, बकेटमध्ये ‘शो व्हर्जन्स’ चालू करून बघा. माझा अंदाज आहे ४ टीबी तिथेच बसलेत.

व्हर्जनिंग चालू असलेल्या बकेटमध्ये नुसतं नाव देऊन डिलीट केलं की एस थ्री फाइल काढत नाही, तिच्यावर एक डिलीट मार्कर ठेवतो. वरून बघणाऱ्याला फाइल दिसत नाही, खाली ती जशीच्या तशी असते आणि भाडं चालू असतं. ज्यामुळे माझा तो क्लायंटचा डेटा परत आला तीच ही सोय, तेव्हा मी तिचे पाय धरले असते, आता तुमचं बिल तीच वाढवतेय. खरंच काढायचं असेल तर यादी मागताना व्हर्जनसकट मागायची आणि डिलीट करताना प्रत्येक नावासोबत व्हर्जन आयडी द्यायचा, मार्करसुद्धा त्यातच काढायचे. हे झालं की मग परत काही नाही, म्हणून हे करण्याआधी ती सीएसव्ही दोघांनी बघा, एकट्याने नको.

पण ४ टीबीचे लॉग म्हणजे लाखो छोट्या फाइली असतील आणि पुन्हा साठणारच आहेत, तर यासाठी स्क्रिप्टच नको असं माझं स्पष्ट मत आहे. लाइफसायकल रूल लावा, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर एस थ्री स्वतःच फाइली काढतो. अमुक प्रीफिक्सखालच्या फाइली ९० दिवसांनी एक्स्पायर, जुनी व्हर्जन्स त्यानंतर ३० दिवसांनी कायमची बाद, आणि एकटे उरलेले मार्करपण साफ. पैसे लागत नाहीत, कोणाचा लॅपटॉप चालू राहायला नको, की कुठे ठेवायला नको. दिवसातून एकदा चालतं, यूटीसी या जागतिक वेळेच्या मध्यरात्रीच्या हिशोबाने, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, आणि लगेच सगळं गेलेलं दिसलं नाही तरी एक्स्पायर झालेल्याचं भाडं थांबतं. मर्यादा एकच जाणवते, एक्स्टेन्शनवर रूल लावता येत नाही, ‘फक्त झिप फाइली’ असं त्याला सांगता येत नाही, प्रीफिक्स, टॅग किंवा साइझ एवढंच कळतं. आणि हो, तिरकी रेघ इथेही!

त्याच रूलमध्ये अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट अपलोड ७ दिवसांनी रद्द करायचंही टाका. मोठा बॅकअप चढवताना नेट गेलं की जेवढे तुकडे चढले तेवढे तिथेच पडून राहतात, फाइलींच्या यादीत दिसत नाहीत, व्हर्जन्समध्येही दिसत नाहीत, पैसे मात्र लागतात.

व्हर्जनिंग बंदच होतं असं निघालं तर स्टोरेज क्लास, म्हणजे फाइली कुठल्या दराच्या कप्प्यात ठेवल्यात ते, बघा. ग्लेशियरमध्ये ठेवलेली फाइल ९० दिवसांच्या आत आणि डीप आर्काइव्हमधली १८० दिवसांच्या आत काढली तर उरलेल्या दिवसांचं भाडं घेतातच, स्टँडर्ड आयएला ते ३० दिवस आहे. बॅकअपवाले इथे हमखास सापडतात, स्वस्त म्हणून डीप आर्काइव्हमध्ये टाकतात आणि दर महिन्याला जुने काढतात.

प्रश्न : रत्नागिरीहून. गुगल फोटोजमधले स्क्रीनशॉट आणि गुड मॉर्निंगचे फोटो स्क्रिप्टने काढता येतील का? हजारो आहेत.

उत्तर : नाही येत. गुगल फोटोजच्या एपीआयमध्ये फोटो डिलीट करायची सोयच दिलेली नाही. ‘करून देतो’ म्हणणारी अ‍ॅप किंवा एक्स्टेन्शन तुमच्या लॉगिनमधून ब्राउझर चालवून क्लिक करत असतात, घरच्यांचे फोटो आहेत त्यात, अनोळखी एक्स्टेन्शनच्या हातात देऊ नका. कॉम्प्युटरवर उघडा, सर्चमध्ये ‘स्क्रीनशॉट्स’ टाका, पहिला सिलेक्ट करा, खाली जा, शिफ्ट धरून शेवटचा क्लिक करा, मधले सगळे सिलेक्ट होतात. कंटाळवाणं आहे पण रविवारच्या एका दुपारीत होईल.

प्रश्न : नमस्कार ताई, कॅनडात टोरांटोजवळ असतो, इथल्या मराठी मंडळाची वेबसाइट आम्ही दोघंतिघं मिळून सांभाळतो, फावल्या वेळात. गणेशोत्सवाचे, नाटकांचे, मराठी शाळेचे जुने फोटो आणि रेकॉर्डिंग गुगल क्लाउडच्या बकेटमध्ये होते. परवा मी थंबनेल (फोटोंच्या छोट्या प्रती) साफ करायला स्क्रिप्ट चालवली आणि मूळ फोटोच गेले. त्यात आता हयात नसलेल्या काही ज्येष्ठ सभासदांच्या मुलाखती आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. बाकीच्यांना अजून सांगितलेलं नाही. काही होऊ शकतं का?

उत्तर : हे पत्र आल्या आल्या तुम्हाला मेल केलाय, छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. इथे देतेय ते बाकीच्या वाचकांसाठी.

गुगल क्लाउड स्टोरेजमध्ये मार्च २०२४ पासून सॉफ्ट डिलीट आहे, बकेटवर मुद्दाम बंद केलं नसेल तर डिलीट झालेलं ७ दिवस आत राहतं. परवा गेलं म्हणजे पाच दिवस हातात आहेत, फार आहेत, पण आज बसा. काय करायचं तर त्या बकेटमध्ये काहीही नवीन चढवू नका, स्क्रिप्ट जिथे लावली असेल तिथून आधी काढा, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) असेल तर रात्री परत चालेल. मग कन्सोलमध्ये बकेट उघडून डिलीट झालेल्या ऑब्जेक्टची यादी काढा. यादी दिसली की अर्धा जीव खाली पडेल. सगळ्यावर एकदम रिस्टोर मारू नका, एकच फाइल, एखादी मुलाखत घ्या, ती रिस्टोर करा, डाउनलोड करा आणि शेवटपर्यंत वाजवून बघा. आवाज ठीक असेल तर मग बाकीच्या, कमांड लाइनवर जीक्लाउड या गुगलच्या टूलमध्ये रिस्टोर आहे, त्याला एकदम बऱ्याच फाइली देता येतात.

सॉफ्ट डिलीट कोणी खर्च वाचवायला बंद केलेलं असेल तर व्हर्जनिंग होतं का बघा. तेही नसेल तर मग ज्यांनी ती रेकॉर्डिंग एडिट केली, वेबसाइटवर चढवली त्यांचे जुने लॅपटॉप, पेनड्राइव्ह, यूट्यूबवर टाकलेली असतील तर तिथून. आणि बाकीच्या दोघांना आजच सांगा, लपवू नका. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत एका इंजिनियरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेसच डिलीट झाला, ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. एस थ्रीवर रोजचे बॅकअप जायला हवे होते, उघडून बघितलं तर बकेट रिकामी, कारण बॅकअप कधीपासून फेल होत होता आणि तो फेल झाल्याचे मेलही कोणाला पोचत नव्हते. शेवटी सहा तास आधी त्याच इंजिनियरने वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली कॉपी कामी आली आणि त्यावर सगळं उभं केलं. आणि हे सगळं काम त्यांनी लपवून नाही, सगळ्यांसमोर उघडपणे केलं. तुमच्यातही कोणाकडे तरी एखादी कॉपी असेल, पण विचारल्याशिवाय ते बघणार नाहीत.

ता. क. : त्यांचं उत्तर आलं. पहिली मुलाखत आली, पूर्ण वाजली. बाकीच्या ३४० फाइली रिस्टोर होतायत, आणि मंडळातल्या एका काकूंकडे हार्ड डिस्कवर २०१५ च्या गणपतीचे फोटो निघाले जे बकेटमध्ये कधी चढवलेच नव्हते.